काशिनाथ आप्पांचा भुंगा

काशिनाथ आप्पांच्या दुकानात भांडं घ्यायला गेलं की अर्धा दिवस गेला म्हणून समजायचं. गिऱ्हाइकानं पातेलं पसंत केलं, की आप्पा ते हातात घ्यायचे, नखानं टिचकी मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आवाज मनाला आला तर ठीक, नाहीतर पातेलं परत फळीवर. गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "आप्पा, मला भाजी शिजवायची हाय, भजन न्हाई करायचं." आप्पांवर त्याचा काडीचा परिणाम व्हायचा नाही. "भांडं वाजवून बघावं आन् माणूस बोलून बघावा," असं म्हणून ते दुसरं पातेलं उचलायचे.

मी आष्टीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि आप्पांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. माझी बदली दर वेळी दारापर्यंत येऊन माघारी जायची, त्यामुळे तिथं बरीच वर्षं निघाली. खोली दाखवताना आप्पांनी मला जातपात, गाव, नवरा काही विचारलं नाही. "सिस्टर, रात्रपाळी करून दिवसा झोपावं लागत आसंल. खाली भांडी आपटतेत, चालंल का?" एवढंच विचारलं. मी चालेल म्हणाले. ती शुद्ध थाप होती. पहिला महिनाभर त्या खणखणाटाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि पुढं पुढं दुकान बंद असलं की मला झोप लागेनाशी झाली.

आप्पा ठेंगणे, अंगानं भरलेले, आवाजानं मात्र बारीक. सकाळी आंघोळ करून भस्माचे तीन ठळक पट्टे ओढून गादीवर बसायचे. दुपारपर्यंत घामानं खालचा पट्टा पुसला जायचा, उरलेले दोन दिवेलागणीपर्यंत तग धरायचे. "ह्यांच्या कपाळाकडं बघून मी कुकर लावते," असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे आप्पांची बायको. बोलायला फटकळ, पण माझी रात्रपाळी असली की जिन्याच्या पायरीवर झाकलेलं ताट न चुकता ठेवणारी.

लग्नसराईत आप्पांना मान वर करायला सवड नसायची. भेटीच्या भांड्यांवर नावं टाकायचं एक छोटं मशीन त्यांच्याकडं होतं. दिवसभर त्याची किरकिर चालायची. मामाचं नाव, चुलत्याचं नाव, खाली 'यांजकडून सप्रेम भेट'. सगळं टाकून झालं की आप्पा चष्मा वर सरकवून विचारायचे, "नवरीचं नाव काय?"

"ते कशाला? देणाऱ्याचं टाकायचं असतंय."

मग आप्पा आपल्या पदरची एक वाटी घ्यायचे आणि तिच्यावर नुसतं त्या पोरीचं नाव टाकायचे. पुढं बाप नाही, नवरा नाही, आडनाव नाही. "एवढी भांडी सासरी चाललीत. त्यातलं एक तरी तिचं असू द्या." एकदा एक वरबाप ती वाटी घेऊन भांडायला आला. नवऱ्याचं नाव कावून न्हाई म्हणून त्यानं भर बाजारात आवाज चढवला. आप्पा शांतपणे म्हणाले, "नवरदेवाला पाठवा. त्याला बी त्याच्या नावाची एक वाटी देतो. वरण घ्या म्हणावं दोघं सोबत बसून." वरबाप पाणी पिऊन निघून गेला.

असा हा माणूस, पन्नाशी उलटल्यावर खेळण्यातलं विमान उडवायला लागला म्हटल्यावर गावानं हसायचं बाकी ठेवलं नाही. त्यात मीही होते.

सुरुवात मांजरसुंब्याला झाली. आप्पा आणि काकू कपिलधारचं दर्शन घेऊन परत येताना रबडी खायला धाब्यावर थांबले होते. शेजारच्या बाजेवर लग्नाचं शूटिंग करणारी पोरं जेवत होती. त्यातल्या एकानं जेवण झाल्यावर गंमत म्हणून ड्रोन वर सोडला. आप्पांची रबडी तशीच राहिली. काकू सांगायच्या, "सगळी माणसं त्या पोराला विचारायलीत, कितीला पडला, कितीला पडला. अन् हे म्हणतेत, वारं आलं की ह्याला कसं कळतंय?"

त्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी आप्पांनी पुढची दोन-तीन वर्षं घालवली. तयार ड्रोन त्यांना नकोच होता. बोर्ड, मोटारी, पंखे, बॅटऱ्या, रिमोट असं सुटं सामान कुरियरनं यायला लागलं. ते जोडायला माणूस समोरच होता. रस्त्याच्या पलीकडं चाँदभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घेऊन पंचक्रोशीतली माणसं त्यांच्याकडं यायची. चाँदभाई उंच, किडकिडीत, तोंडात सदा बडीशेप. जळालेल्या तारेचा वास त्यांच्या कपड्यांनाच काय, त्यांच्या हसण्यालाही यायचा असं मला वाटायचं. आप्पा नि ते लहानपणापासूनचे शेजारी, तरी एकमेकांना अहोजाहो करायचे. दर खंडेनवमीला आप्पा त्यांच्या तार गुंडाळायच्या यंत्राला झेंडूची माळ पाठवायचे आणि चाँदभाई ती वाळून भुगा होईपर्यंत काढायचे नाहीत.

त्यांचा पहिला सांगाडा उलथन्यांचा होता. चार ॲल्युमिनियमची उलथनी, मधोमध डब्याचं झाकण. चाँदभाईंनी कथलाचा डाग लावून तारा जोडल्या, आणि गावाबाहेरच्या माळावर ते चार उलथन्यांचं पाखरू छातीइतकं वर उठून दगडावर आदळलं. दोघं असे नाचले की गुरं राखणाऱ्या म्हातारीनं हातातली काठी घट्ट धरली. पुढं नीट सांगाडा आला, हात बसला आणि ते पाखरू खरंच उडायला लागलं. त्याचा आवाज ऐकून काकूंनी त्याला भुंगा म्हटलं, आणि तेच नाव पडलं.

कामांची वाटणी न ठरवताच ठरली होती. रिमोट आप्पांकडं. भुंगा माळावर ठेवून यायचा, पडला की शोधायचा, बोराटीत अडकला की काटे खात काढायचा, हे चाँदभाईंकडं. मी एकदा म्हटलंही, "चाँदभाई, तुम्हाला नाही का उडवावंसं वाटत?" ते म्हणाले, "सिस्टर, उडवणाऱ्याला नुसता ठिपका दिसतो. पळणाऱ्याला समदं आभाळ दिसतं." संध्याकाळी दुकानं लवकर ओढून दोघं माळावर जायचे. परत येताना आप्पा दोन पट्ट्यांचे आणि चाँदभाई धुळीनं पांढरे.

उडवताना आप्पांचं तोंड उघडं राहायचं. एकदा त्यात चिलट गेलं, तरी त्यांनी खाली बघितलं नाही. भुंग्याची पाठ आपल्याकडं असली तर उडवणं सोपं, पण तो वळून तोंड आपल्याकडं करून यायला लागला की सगळा घोटाळा. त्याचं उजवं ते आपलं डावं होतं. नवशिका इथंच आपटतो. आप्पा म्हणायचे, "तवा मनानं आपण त्याच्या पाठीमागं जाऊन उभं राहायचं. मग सगळं सरळ व्हतंय." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते दुकानातही वापरायला लागले. दोन भाऊ वाटणीतल्या घंगाळावरून भांडत आले होते. आप्पांनी दोघांना उठवून एकमेकांच्या जागी बसवलं. "आता भांडा. ह्याचं तू मांड आन् त्याचं तू मांड." भाऊ थोडा वेळ भांडले, मग एकाला हसू आलं. घंगाळ मात्र कोणी सोडलं नाही, आप्पांना दुसरं विकता आलं एवढंच.

एक नियम आप्पा फार कडक पाळायचे. घरात किंवा दुकानात बॅटरी जोडायची असेल तर आधी चारही पंखे काढायचे. काकूंनी हात पुढं केला तरी ओरडायचे. त्यांचा हा नियम त्यांनीच एकदा मोडला, आणि तोही भक्तिभावानं.

खंडेनवमीचा दिवस होता. दुकानात पाटावर तराजू, कात्री, नाव टाकायचं मशीन मांडलेलं. त्यांच्या मधोमध भुंगा आणि त्याचा रिमोट. आप्पांनी नेहमीप्रमाणं पंखे काढून ठेवले होते. पण पूजेला बसल्यावर त्यांच्या मनाला ते खटकलं. खंडित वस्तूची पूजा करू नये, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. आप्पांनी उठून चारही पंखे बसवले. मग वाटलं, दिवे बंद आहेत, हा झोपल्यासारखा दिसतो. म्हणून रिमोट चालू करून बॅटरी जोडली. भुंग्याचे तांबडे-हिरवे दिवे लागले. चाँदभाई दारातल्या धान्याच्या कोठीवर बसून कौतुकानं बघत होते. मी प्रसाद घ्यायला खाली आले होते.

आप्पांनी सगळ्यांना माळा घातल्या. रिमोटला घातलेली माळ जड होती. त्या जुन्या बोर्डाची रीत अशी होती, की रिमोटची डावी दांडी खाली उजव्या कोपऱ्यात नेली की मोटारी सुरू, डाव्या कोपऱ्यात नेली की बंद. माळेच्या ओझ्यानं दांडी नेमकी तिथं ओढली गेली. पंखे फिरायला लागले. आप्पा दचकले आणि त्यांनी घाईनं माळ उपसली, तिच्याबरोबर दांडी सरळ वर गेली. भुंगा पाटावरून उसळला तो निरांजन घेऊन दारापाशी उभ्या असलेल्या काकूंच्या तोंडाकडं. चाँदभाईंनी मधे हात घातला.

मी पुष्कळ जखमा बघितल्या आहेत, त्यामुळे या जखमेचं वर्णन करत नाही. चाँदभाईंच्या उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन बोटं होती. काकूंच्या नव्या लुगड्याचा पदर फाडून मी हात बांधला आणि जीप करून चाँदभाईंना नगरला नेलं. तिथं ऑपरेशन झालं, बोटं राहिली. पण ती पुन्हा नीट वाकली नाहीत. गाडीत आप्पा सारखं एकच म्हणत होते, "माझ्या हातानं झालं, माझ्या हातानं झालं." शेवटी चाँदभाईच दुखण्यातून खेकसले, "आप्पा, हात मी घातला. तुमी गप बसा जरा."

मोटारीच्या बारीक खाचांत तारेचे वेढे बसवायचे म्हणजे बोटांचंच काम. चाँदभाईंचा धंदा बसतो की काय असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांच्या बायकोनं, रजियाभाभींनी, घरातलं आवरून दुकानात बसायला सुरुवात केली. चाँदभाई सांगायचे, त्या वेढे भरायच्या. "तुमच्या भाभीचा हात माझ्याहून बारीक हाय," असं चाँदभाई गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचे. धंदा सावरला. सावरले नाहीत ते आप्पा.

त्यांनी भुंगा, रिमोट, सगळं सामान एका कोठीत घातलं आणि झाकण लावलं. माळावर जाणं बंद झालं. इतपत मी समजू शकत होते. पण त्यांनी गादीही फिरवली. आधी आप्पा रस्त्याकडं तोंड करून बसायचे, समोर चाँदभाई दिसायचे. आता ते भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. गिऱ्हाईक आलं की त्यांना मान वळवावी लागायची. चाँदभाई समोर आलेच तर आप्पा तब्येत विचारायचे, आणि लगेच त्यांना काही काम आठवायचं. मात्र दर ईदला त्यांच्याकडं भांडं जायचं. पातेलं, परात, डेगची. एकदा रजियाभाभी मला म्हणाल्या, "सिस्टर, आप्पांना सांगा ना. घरात माणसं थोडी अन् पातेली लई झाली. ठेवू कुठं?" मी सांगितलं नाही. माझ्या तोंडाला कुलूप असतं अशातला भाग नाही, पण आप्पांचा तो वळलेला चेहरा बघून माझीही जीभ उचलत नव्हती.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग आपल्या भागात रात्रीच्या ड्रोनची आवई उठली ती आठवत असेल. गावोगाव रात्री आभाळात दिवे दिसायला लागले. चोर टेहळणी करतात, पोरं पळवणारे आहेत, कुणी काय, कुणी काय. तरणी पोरं काठ्या घेऊन पहारा द्यायला लागली. दवाखान्यात रात्री पडलेले, ठेचाळलेले पहारेकरीच जास्त यायचे. चोर एकही आला नाही.

आणि कुणाला तरी आठवलं, की भांडेवाल्या आप्पांकडं असलं एक यंत्र होतं.

भर दुपारी सात-आठ पोरं दुकानात आली. मी जिन्यातच होते. एक जण म्हणाला, "आप्पा, तुमचा ड्रोन कुठं हाय? आमाला बघायचाय." आप्पांनी वाद घातला नाही. आतून कोठी ओढत आणली, झाकण काढलं. भुंग्यावर कोळ्यानं जाळं केलेलं. बॅटऱ्या फुगून पुरीसारख्या झालेल्या. आप्पा म्हणाले, "हे बघा. मेलेला हाय ह्यो. मी उडवत न्हाई. जल्मात पुन्हा उडवणार न्हाई."

"कावून न्हाई उडवणार?"

आवाज पोरांचा नव्हता. गर्दी बघून चाँदभाई रस्ता ओलांडून आले होते. तोंडात बडीशेप नव्हती.

आप्पा म्हणाले, "चाँदभाई, तुमाला म्हायती हाय कावून."

"मला न्हाई म्हायती. सांगा ना. समद्यांसमोर सांगा."

"तुमचा हात—"

"हात माझा. माझा हात गेला, ते मी अन् रजियानं बघून घेतलं. तुमाला कदी बोल लावला का?" चाँदभाईंनी माळाच्या दिशेनं हात केला. "पण सांजच्याला माळावर जायचं, ते बी गेलं. बोटं मशीननं नेली आप्पा, ते तुमी नेलं. माझ्या नावानं बंद केलं अन् मला इचारलं बी न्हाई. समोर दुकान हाय माझं, अन् तुमी भिंतीला तोंड करून बसता. लोकायला सांगता, मनानं त्याच्या पाठीमागं जाऊन उभं राहा. इतक्या वर्षांत माझ्या पाठीमागं येऊन एकदा तरी उभं राहिलात का? निस्ती पातेली पाठिवता!"

आलेल्या पोरांना आपण इथं कशाला आलो होतो तेच आठवेना. शेवटी त्यातला एक चाचरत म्हणाला, "मग रात्री कोण उडवतंय बे?" दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं आणि ती फौज पाय न वाजवता बाहेर पडली. चाँदभाईही गेले. आप्पा त्या उघड्या कोठीपाशी बसून राहिले. गिऱ्हाईक आलं, त्यांनी पातेलं न वाजवता देऊन टाकलं.

संध्याकाळी मी कामावर निघाले तेव्हा ते मला म्हणाले, "सिस्टर, मला वाटायचं, मी शिक्षा भोगतोय. ती अर्धी त्यांच्या अंगावर पडतीय, हे ध्यानातच आलं न्हाई." मला रडू येत होतं आणि नर्सनं युनिफॉर्मवर रडू नये असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी गादी पुन्हा रस्त्याकडं वळली.

भुंगा जिवंत करायला बरेच दिवस लागले. फुगलेल्या बॅटऱ्या मिठाच्या पाण्यात बुडवून निकामी केल्या, नव्या मागवल्या. चाँदभाई डाव्या हातानं डाग लावायला शिकले होते, तो थोडा ढबू बसायचा, पण पक्का. दिवस आवईचे असल्यामुळे आप्पा आधी पोलीस ठाण्यात जाऊन सांगून आले. तिथल्या जमादारानं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "ह्या वयात?" आप्पा म्हणाले, "मागच्या वयात राहून गेलं."

आता सकाळीच उडवायचं ठरलं, उजेडात, लोकांना दिसेल असं. रविवारी मला सुट्टी असली की मीही जायला लागले. आणि तिथं मला वेगळंच दिसलं. आप्पांचे अंगठे सगळं विसरले होते. भुंगा गुडघ्याइतका उठायचा आणि धपकन बसायचा. पण खरी अडचण अंगठ्यांची नव्हती. आप्पा चाँदभाईंना लांब एका बाभळीखाली उभं करायचे. "तिथून हलू नका," असं दोनदा सांगायचे. उडवताना भुंग्याकडं कमी आणि बाभळीकडं जास्त बघायचे. चाँदभाईंनी चार पावलं पुढं टाकली की भुंगा खाली. पडलेला भुंगा आणायलाही आप्पा स्वतःच पळायचे. घाम येऊन कपाळावर एकही पट्टा उरायचा नाही.

हे रविवारामागून रविवार चाललं. उडवणं पुन्हा सुरू झालं होतं, पण चाँदभाई अजून रस्त्याच्या पलीकडंच होते. आधी आप्पांच्या पाठीकडं, आता बाभळीखाली. हे असंच राहिलं तर पुन्हा कोठीचं झाकण लागणार, हे मला कळत होतं. आप्पांनाही कळत असावं. एकदा परतताना ते पुटपुटले, "पंखे फिरायला लागले की मला त्यांचा हातच दिसतो."

त्याच सुमारास माझी बदली अखेर माघारी न जाता घरात शिरली. गेवराई तालुक्यातलं चकलांबा. सामान बांधून झालं. निघण्याच्या आदल्या दिवशी रविवार होता, म्हणून शेवटचं एकदा माळावर गेले.

त्या दिवशी थोडं वारं होतं. भुंगा तीनदा उठला, तीनदा बसला. चौथ्यांदा आप्पा बॅटरी बदलत होते, तेवढ्यात चाँदभाई बाभळ सोडून ताडताड चालत आले.

"मला काय वाळीत टाकलंय का आप्पा? म्हारोग्यावानी लांब उभं करताय."

"चाँदभाई, माघारी व्हा. बॅटरी जोडलेली हाय."

"न्हाई व्हत. रिमोट द्या इकडं."

आप्पांची नजर त्यांच्या हातावर गेली. "तुमची बोटं..."

"बोटं कशाला लागतेत? तुमी काय बोटानं उडवता? अंगठ्यानं उडवता. अंगठे शाबूत हायेत माझे." त्यांनी दोन्ही अंगठे आप्पांच्या नाकासमोर नाचवले. मला हसू फुटलं. आप्पांना फुटलं नाही, पण त्यांनी रिमोटचा पट्टा गळ्यातून काढला आणि चाँदभाईंच्या गळ्यात घातला. घालताना तो एकदा कानात अडकला.

आप्पा त्यांच्या मागं उभे राहिले. चाँदभाई उंच, त्यामुळे आप्पांना बाजूनं वाकून बघावं लागत होतं. "डावी दांडी हळू. लई हळू. दूध तापवल्यागत. आता वर." भुंगा उठला, एका अंगाला कलला, सावरला आणि बाभळीच्याही वर गेला. "उजवी जरा पुढं. बास. आता वळतोय बघा, तोंड आपल्याकडं आलं. घाबरू नका, मी सांगतो." कित्येक दिवसांनी आप्पांचा तो जुना आवाज मी ऐकत होते. त्यांचं तोंड पुन्हा उघडं राहिलं होतं. चाँदभाई तर मोठमोठ्यानं हसत होते. "या अल्ला, आप्पा, आपलं गाव दिसत आसंल का ह्याला?" भुंग्यानं वेडेवाकडे दोन फेरे मारले आणि लांब कापलेल्या बाजरीच्या सडात जाऊन तिरका बसला.

"आता आणा जा," चाँदभाई म्हणाले. "लई वर्सं मी पळालो."

आप्पा निघाले. आधी माझ्या लक्षात आलं नाही, मग आलं. पंखे बंद झाले नव्हते. सडात अडकून हळू फिरत होते. रिमोट चाँदभाईंच्या गळ्यात, त्यांचा उडवण्याचा पहिला दिवस, आणि आप्पा वाकायला लागलेले. मी ओरडणार तेवढ्यात चाँदभाईच कडाडले, "थांबा आप्पा! हात लावू नका!" आप्पा जागच्या जागी थांबले. चाँदभाईंनी डावी दांडी खाली ओढून डाव्या कोपऱ्यात दाबून धरली. पंखे थांबले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले, आप्पांना दिसतील असे. "हां. आता उचला."

आप्पांनी लगेच उचललं नाही. ते तिथं सडात उभं राहून चाँदभाईंकडं बघत राहिले. एवढ्या लांबून चेहरा नीट दिसत नव्हता, पण ते शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते, ते दिसलं. मग त्यांनी बॅटरी काढली, भुंगा छातीशी धरला आणि सडातनं ठेचकाळत परत आले.

मला वाटलं, आता पुरे म्हणतील, घरी चला म्हणतील. आप्पांनी भुंगा जमिनीवर ठेवला, नवी बॅटरी लावली आणि हात पुढं केला. "द्या, माझी पाळी." चाँदभाईंनी पट्टा काढून दिला आणि सवयीनं बाभळीकडं निघाले.

आप्पांनी त्यांची बाही धरली. "कुठं निघालात? हितं उभं ऱ्हावा."

मला आवराआवर होती, काकूंचा निरोप घ्यायचा होता, त्यामुळे मी तिथून निघाले. रस्त्याला लागल्यावर एकदा वळून बघितलं. एक उंच आणि एक ठेंगणा माणूस खांद्याला खांदा लावून उभे होते, भुंगा त्यांच्या डोक्यावर खूप वर होता, आणि आप्पा तो खाली आणायचं नाव घेत नव्हते.